मढच्या वाऱ्यात टिकलेली एक ओळ

हर्षाली वाळूत उकिडवी बसून मी पाडलेले बोंबील एकेक करून टोपलीत उचलत होती आणि मान वर करून माझ्याकडे बघतही नव्हती, त्या क्षणी माझं सगळं बदललं. शनिवारची भर दुपार, मढचा कोळीवाडा, डोक्यावर ऊन, आणि मी रस्त्याकडे निघालेलो, बस पकडून कायमचा जायला.

पण हे आधी सांगून उपयोग नाही. तुमच्यातले बरेच जण मढला जायचं कसं हे बघायला इथे आले असतील. त्यांना माझ्या भानगडीत कशाला ओढू? अर्थात थोडं ओढावं लागणार आहे, कारण भानगड नसती तर मी गेलोच नसतो.

तर हर्षाली, मढच्या कोळीवाड्यातली. अंधेरीच्या कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांशी कडाक्याचं भांडण करून बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. ती राहिली, पास झाली. तरी आमचं चालू होतं. मग गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे की नाही ते दोघांनाही सांगता येईना. ती फोन उचलेना. आणि शुक्रवारी एका मित्राकडून कळलं की तिला वेरावळला नोकरी लागली आहे, मासे बाहेरदेशी पाठवणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि सोमवारी ती बोरिवलीहून गाडीत बसणार. वेरावळ म्हणजे पार सौराष्ट्राच्या टोकाला. मला तिला थांबवायचं होतं. दोन दिवस हातात होते. एवढीच माझ्या सहलीची तयारी.

मी नाहूरला राहतो. मुंबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना लोक उगाच घाबरतात. सोपं आहे. नाहूरहून एलबीएस रोडने घाटकोपरपर्यंत बस, सकाळी लवकर निघालात तर बसायला मिळतं. घाटकोपरहून मेट्रो, सुरुवातीच्या स्टेशनपासून शेवटच्या स्टेशनपर्यंत, वर्सोवा. बाहेर शेअर रिक्षा उभ्या असतात, 'जेट्टी' म्हटलं की झालं. मग फेरी. एवढ्या सगळ्याला मिळून शंभराच्या आत खर्च येतो, फक्त होडीवाल्यासाठी सुटे ठेवा. तो नोटेकडे असं बघतो की आपण त्याला शिवीच दिली.

फेरी म्हणजे रुंद होडी. माणसं, मोटारसायकली, दुधाचे कॅन, एका बाईच्या मांडीवर बोकड, सगळे शेजारी शेजारी. खाडी ओलांडायला लागतो तेवढ्या वेळात सिगरेटही संपत नाही. (मी ओढत नाही, शेजारचा ओढत होता.) पण त्या तेवढ्या वेळात मागे अंधेरीच्या इमारती आणि समोर ताडाची झाडं, असं दोन्ही एकदम दिसतं. कॉलेजात असताना हर्षाली रोज ही खाडी ओलांडून यायची. भरतीच्या दिवसांत तिच्या सलवारीचा काठ ओला असायचा. मी त्यावरून तिला चिडवायचो. त्या होडीत उभं राहून मला तो ओला काठ आठवला आणि मी कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघत राहिलो. समोरच्या बाईला वाटलं मला होडी लागतेय. म्हणाली, "लांब बघ, पाण्याकडे नको बघू."

मी घोकत होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, अगदी मुद्देसूद.

मढला उतरलात की वास येतो. नाक दाबू नका. लोक बघत असतात आणि ते लक्षात ठेवतात. जेट्टीवरून डावीउजवीकडे विचारत विचारत कोळीवाड्याच्या मागच्या वाळूवर गेलात की बांबूंच्या उंच चौकटी दिसतील, त्यावर आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. त्यांना वलांडी म्हणतात. थंडीत गेलात तर सगळा किनारा असा दिसतो की कुणीतरी समुद्राचे कपडे वाळत घातले आहेत. फोटो काढायचा तर विचारून काढा.

हर्षाली तिथेच सापडली. सोबत तिची मंजुळा आत्या आणि शेजारच्या तीन-चार बाया. पहाटे होडी भरून आली होती, ओल्या बोंबलांचे टब रांगेने लागले होते. आत्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोन रं तू?"

"सुमेध. हर्षालीच्या कॉलेजचा. तिला भेटायला आलोय."

"सगले हर्षालीलाच भेटाय येतान. बोंबलाला कोन भेटाय येत नाय."

बाया हसल्या. हर्षाली हसली नाही. केस वर बांधलेले, कोपरापर्यंत हात ओले.

"फोन करायचा ना," ती म्हणाली.

"तू उचलतेस?"

"मग मेसेज."

"वाचतेस?"

तिने एक टब पायाने माझ्याकडे सरकवला. "हे सगळं ऊन चढायच्या आत वर गेलं पाहिजे. बोलायचंय ना? हात चालवत बोल."

आता हे काम कसं असतं ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. बोंबील हा मऊ, लिबलिबीत, पाण्याने भरलेला मासा. त्याला दोरीवर टांगायला ना खिळा, ना चिमटा, ना सुतळी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात घालायचा, त्यांचे आत वळलेले दात एकमेकांत रुतेपर्यंत दाबायचा, आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. दोघांनी एकमेकांना तोंडात धरलं आहे म्हणून दोघे टिकतात.

हर्षालीने मला एकदा करून दाखवलं. मी म्हटलं, सोपं आहे. आणि सुटलो. मला दाखवायचं होतं. एका बाईची एक दोरी होते तोवर माझ्या दीड झाल्या. शेजारी शेजारी खेटून टाकत गेलो, मधे बोट शिरणार नाही असे. आणि त्या वेगात माझं भाषणही चालू केलं.

"जाऊ नकोस."

"जबडा बघ. नुसता ओठ पकडलायस."

"हर्षा, मी सीरियस बोलतोय. वेरावळला काय आहे? इथे नोकऱ्या नाहीत? अंधेरीत शोधू ना. मी पण बघतोय काहीतरी."

"काय बघतोयस?"

"बघतोय म्हणजे, आहेत दोन-तीन गोष्टी."

"मोबाईलचं दुकान सोडलंस ना?"

"तो मालक कसा बोलायचा तुला माहीत नाही."

"आणि शूटिंगवरचं काम? गोरेगावचं?"

"तिथे तर विचारूच नकोस."

तिने पुढची जोडी टांगली. माझी सगळी माहिती तिला मिळत होती हे मात्र मी मनात टिपून ठेवलं. फोन न उचलणारी पोरगी माझ्या नोकऱ्यांचा हिशेब ठेवत होती. खोटं कशाला बोलू, त्या आनंदात मी आणखी भराभर टांगायला लागलो.

सकाळी मढला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हलका, गार. दुपारी तो उलटतो. मधे थोडा वेळ सगळं बंद पडतं, बोंबीलही हलत नाहीत. आणि मग समुद्राकडून एकदम येतो. तसा तो आला. बायांच्या दोऱ्या डुलल्या आणि थांबल्या. माझ्या दोरीवर एक जोडी दुसरीवर आपटली, दुसरी तिसरीवर, आणि ओठाओठांनी पकडलेलं सगळं सुटत गेलं. टप टप टप. पाहता पाहता दोरी रिकामी.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक बाई पदराआड हसली. मी फिरलो तिच्यावर. "ही काय पद्धत झाली? एकविसावं शतक आहे. चिमटे लावा ना सरळ."

मंजुळा आत्या हातातला बोंबील न सोडता म्हणाली, "लाव की. तुज्या वरातीचे कपडेच हायेत ते."

आता सगळ्याच हसल्या. माझं डोकं फिरलं. काय बोललो ते इथे लिहीत नाही. हात झटकले आणि रस्त्याकडे निघालो. चालताना मला खात्री होती की हर्षाली हाक मारणार. ताडापर्यंत गेलो, हाक नाही. मागे वळून बघितलं.

ती उकिडवी बसून माझे बोंबील उचलत होती. एक उचलायची, बोटाने वाळू निपटायची, टोपलीत ठेवायची. दुसरा उचलायची. चेहऱ्यावर राग नाही, वाईट वाटल्याचंही काही नाही. काम आहे म्हणून करत होती. आणि मला एकदम लख्ख दिसलं की मी गेलो काय, राहिलो काय, ती एवढ्याच शांतपणे टोपली भरणार आहे. सोमवारी गाडीतही अशीच बसेल. मी आजवर जिथून जिथून ताडकन उठून गेलो, तिथे मागे कुणीतरी असं उकिडवं बसलं असणार. मी कधी वळून बघितलंच नव्हतं.

परत गेलो. समोर बसलो. टोपली मधे. आम्ही दोघांनी मिळून ते सगळे बोंबील धुतले.

मुक्कामाचं सांगतो. मढला बंगले आहेत, पण ते शूटिंगला आणि पार्ट्यांना जातात, आपल्या खिशाचं काम नाही. शेजारच्या एरंगळ गावात ख्रिस्ती घरांमधून खोल्या मिळतात, थंडीत शनिवार सोडून गेलात तर स्वस्त. मला एका काकूंनी मागची पडवी दिली, वर जेवायला भात आणि कोलंबीचं कालवण. झकास कालवण होतं. पण हाताला बोंबलाचा वास एवढा की प्रत्येक घासाला दुपार आठवत होती.

संध्याकाळी एरंगळच्या किनाऱ्यावर जा, ओहोटी असेल तर. निसर्गाकडून धडे वगैरे घेणाऱ्यांचा मला एरवी राग येतो. समुद्र बघून शहाणे झालेले लोक परत येऊन रिक्षावाल्याशी भांडतातच. पण ओल्या वाळूवर मसुराएवढे खेकडे असतात. बिळातून बाहेर येतात, वाळू चाखतात, तिची बारीक गोळी करून मागे टाकतात. गोळ्यांची नक्षी होते, सूर्य काढल्यासारखी. माझं डोकं अजून तापलेलं होतं. मी एका नक्षीवरून पाय फिरवला. खेकडा आत गेला. थोड्या वेळाने आला, आणि त्याच बिळाच्या तोंडाशी पहिली गोळी केली. त्याला माझ्यावर राग नव्हता. ते मला जास्त झोंबलं. भरती येऊन सगळं धुणारच होती, माझ्या पायाची गरजसुद्धा नव्हती, आणि त्याला त्याचंही काही नव्हतं. गोळी करता करता त्याचं पोट भरत होतं, बस. अंधार पडेपर्यंत बसलो. तिची एवढी आठवण येत होती, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर होती. वेरावळला गेल्यावर काय होणार, कुणाला माहीत.

रविवारी उजाडताच वलांडीवर गेलो. वारा जमिनीवरून, गार. आत्या चहा पीत होती.

"परत आला? चिमटे आनले?"

"नाही आत्या. एकच दोरी द्या मला."

तिने कपाने एक दोरी दाखवली, अगदी कडेची, समुद्राच्या बाजूची. म्हणजे दुपारचा वारा पहिला तिथेच येणार. मुद्दाम दिली की सहज, अजून कळलेलं नाही.

मी हळू लावली. जबडा जबड्यात, दात रुतल्याचं बोटाला जाणवेपर्यंत. दोन जोड्यांमधून वारा जाईल एवढी जागा. पहिल्या हातभर दोरीला एवढा वेळ लागला की शेजारच्या बाईची अख्खी दोरी झाली. माझा हात चार वेळा शिवशिवला, भराभर उरकून टाक म्हणाला. हर्षाली येऊन पलीकडच्या दोरीला लागली. दोघांच्या मधे बोंबील, त्यातून तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

"काल बोलणार होतास ते पूर्ण झालं नाही," तीच म्हणाली.

पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. "थांब म्हणालो तर थांबशील?"

"नाही."

"बरं."

"बरं काय? काल तर मोठं भाषण होतं."

"विचारायचं राहून गेलं असतं, म्हणून विचारलं."

तिने हातातली जोडी टांगली. मग म्हणाली, "इथून बाहेर जाऊन काम केलेलं आमच्या घरात कुणी नाही रे. मला बघायचंय मला जमतं का. तू थांबवलंस आणि मी थांबले, तर आयुष्यभर तुलाच बोल लावेन. तू पण मग भांडशील. तुला तर कारणही लागत नाही."

मी हसलो. ती पण हसली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा.

"मी वाट बघू?" मी विचारलं.

"नको."

"का?"

"वाट बघणारा माणूस दुसरं काही करत नाही." तिने एक बोंबील उचलून त्याचा जबडा बोटाने उघडला. "आणि मला तिकडे बसून तुझी काळजी नकोय. मला तिकडे बसून तुझी आठवण आली तर चालेल."

मी पुढची जोडी लावली.

दुपारी वारा पडला. मग उलटला. मी दोरीपासून दूर उभा राहिलो, परीक्षेचा निकाल लागतो तिथे उभे राहतात तसा. पहिला झोत माझ्याच ओळीवर आला. सगळी ओळ एका बाजूला झुकली, परत आली, परत झुकली. दोनदा वाटलं, गेली. पण गेली नाही. डुलत राहिली. एकही जोडी सुटली नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंजुळा आत्या जवळून गेली, जाताजाता मधल्या एका जोडीला टिचकी मारली आणि पुढे गेली. हर्षाली म्हणाली, "राहिली." एवढंच. यार, मला बारावीला फर्स्ट क्लास मिळाला होता, तेव्हा असं वाटलं नव्हतं. तो क्लास कशाला मिळाला ते मला कधी कळलं नाही. ही ओळ का राहिली ते मला बोटांत माहीत होतं.

निघताना हर्षालीने लिंबाची फोड आणली आणि माझे दोन्ही हात धरून त्यावर पिळली. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांनी चोळली. "वास जातो याने," म्हणाली. जात नाही. पण तिने जेवढा वेळ चोळलं तेवढा वेळ हात पुढे धरून उभा राहिलो.

"उद्या स्टेशनवर येऊ नकोस," ती म्हणाली. "आई रडणार आहे, तुला बघून मी पण रडेन."

मी मान हलवली. आत्या मागून म्हणाली, "पोऱ्या, बुधवारी ये, तवर सुकतील. ज्यानं लावली त्यानं काडायची. दुसऱ्याची ओल आमी काडत नाय."

"आत्या, बुधवारी तर ही नसेल."

"बोंबील असतील ना."

परतीला मी फेरी घेतली नाही. मढहून मालाडची बस एरंगळ, आक्सा, मार्वे करत जाते, खिडकी मिळवा, एका बाजूला खारफुटी दिसते. मालाडहून गोरेगाव, तिथून आरेतून पवईकडे आणि भांडुपमार्गे घर. लांब पडतं. मला लांबच हवं होतं.

घरी आईने दार उघडताच नाक मुरडलं. "कुठे लोळून आलास?" बाबांनी मात्र माझा हात धरून हुंगला. बाबा हिंगोलीकडचे. म्हणाले, "सुका बोंबील. आमच्या आठवड्याच्या बाजारात यायचा. तुझी आजी तव्यावर भाजून भाकरीबरोबर द्यायची." मग जरा थांबून, "समुद्र मी वीस वर्षांचा झाल्यावर बघितला. खाल्ला मात्र लहानपणापासून."

तेव्हापासून ते डोक्यात फिरतंय. कुणीतरी, कुठल्यातरी किनाऱ्यावर, दुपारच्या वाऱ्यात टिकतील असे बोंबील लावले होते, आणि ते समुद्र न बघितलेल्या एका पोराच्या ताटापर्यंत गेले. लावणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. कुणी त्याचं नाव घेत नाही. कॉलेज सोडलं याचं मला अजून वाईट वाटत नाही, ते पुन्हा कधीतरी बोलू. पण सोडलेल्या गोष्टींची रांग मोठी आहे, आणि त्या रांगेसमोर ठेवायला माझ्याकडे सध्या एक दोरी आहे. बाकी सांगण्यासारखं काही जमवलेलं नाही.

हर्षाली सोमवारी गेली. मी स्टेशनवर गेलो नाही. गाडी सुटायच्या वेळेला गच्चीवर उभा होतो, बोरिवली इथून दिसत नाही, मधे अख्खा डोंगर आहे. तरी त्या बाजूला बघत होतो. मंगळवारी पोचली असेल. मेसेज आलेला नाही. मी केलेला नाही. फोन उलटा करून ठेवतो आणि परत सरळ करतो. रात्री झोपताना हात नाकाशी नेतो. बोंबलाचा वास आहे, लिंबाचा गेला.

आज बुधवार आहे. हे लिहिता लिहिता सकाळ झाली, शेवटचं एवढं बसमध्ये लिहितोय. मी चप्पल घालत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्या सकाळी कुठे?"

"मढला."

"ती पोरगी गेली ना?"

"गेली."

"मग आता कुणासाठी चाललास?"

"ओळ काढायचीय," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.